उतलेले ओठ आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द



चैत्र सरून वैशाख लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या आपल्या किनारपट्टीत आंब्याची धांदल सुरू होते. सन २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे व पालघर यांच्यासोबत रायगडचेही नाव आहे. याच दिवसांत आपल्या चिकित्सालयात एक ठराविक रुग्ण येतो. ओठ सुजलेले, तोंडाच्या दोन्ही कडांना लाल चट्टे, त्यावर बारीक पाणीदार पुटकुळ्या, आग व कंडू. ‘वैद्यबुवा, उष्णता झाली’ हे निदान तो स्वतःच करून आलेला असतो. आपणही बहुधा मान डोलावतो, गुलकंद, मौक्तिकयुक्त प्रवाळ, चंदनाचा लेप असे काहीतरी देतो, आणि आठ-दहा दिवसांत रुग्ण बरा होतो. तो बरा झाला म्हणून निदान बरोबर होते, असे आपण धरून चालतो.

कोकणातील आजीबाई मात्र याला उष्णता म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ‘चीक उतला.’ बिब्बा उततो, काजूचे तेल उतते, आंब्याचा चीक उततो. तिन्हींना एकच क्रियापद वापरणाऱ्या या लोकभाषेने जे ओळखले होते, ते आम्ही पदवी घेऊन बरीच वर्षे ओळखले नव्हते. त्याची कबुली देऊनच आमचे म्हणणे मांडतो.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आंबा पेटीत भरण्याच्या कामावर जाणारी एक तिशीतील स्त्री वर सांगितलेली लक्षणे घेऊन आमच्याकडे आली. आम्ही पित्तशामक चिकित्सा दिली, तिला बरे वाटले. आषाढात तीच स्त्री अजीर्ण, पोटफुगी व द्रवमलप्रवृत्ती घेऊन आली. ग्रंथोक्त संकेत पाहून आम्ही संजीवनी वटी दिली. दुसऱ्या दिवशी रात्री तिचे ओठ पुन्हा सुजले, हनुवटीवर व मानेवर पुरळ उठले, गुदद्वारी असह्य कंडू सुरू झाला. पहिल्यांदा आम्ही पावसाळी माशांना दोष दिला. तिने मासे खाल्लेच नव्हते. मग बाटलीवरचा कागद हाती घेतला. शार्ङ्गधरांनी सांगितलेल्या संजीवनीच्या दहा द्रव्यांत भल्लातक आहे, हे आम्हाला पाठ होते. विडंग, शुंठी, पिंपळी, त्रिफळा, वेखंड, गुळवेल, बिब्बा, बचनाग ही यादी परीक्षेत आम्ही अनेकदा लिहिली होती. परंतु वैशाखात जिचे ओठ आंब्याच्या चिकाने उतले, तिला आषाढात आपण बिब्बा खाऊ घालत आहोत, हा संबंध त्या क्षणापर्यंत आमच्या ध्यानात आला नव्हता.

औषध थांबवले, ती बरी झाली, आमच्यावर तिचा रोषही नव्हता. पण त्या प्रसंगापासून ‘आमचे औषध नैसर्गिक आहे, काही अपाय होणार नाही’ हे वाक्य आमच्या तोंडून गेले ते गेलेच.

एका कुळातील नातेवाईक

आंबा, काजू व बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील, ज्याला आपल्या द्रव्यगुणाच्या पुस्तकांत भल्लातक कुल म्हणतात. चारोळी, अंबाडा व पिस्ता हेही याच कुळाचे. बिब्ब्याच्या टरफलातील भिलावनॉल, काजूच्या टरफलातील अनॅकार्डिक आम्ल व कार्डॉल, आणि आंब्याच्या चिकातील व सालीतील रेसॉर्सिनॉल वर्गातील द्रव्ये ही रचनेने एकमेकांची जवळची भावंडे आहेत. उत्तर अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ ही कुप्रसिद्ध वेल व जपानमधील लाखेचे झाड हेही याच कुळातील असून त्यांतील दाहक द्रव्यास ‘युरुशिऑल’ म्हणतात. शरीर एकदा यांपैकी एकावर चिडले की दुसऱ्याला पाहूनही चिडू शकते.

याचा एक जुना दाखला आपल्याच देशातील आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या ठिकाणी पुरळ उठू लागले. शोध घेता कळले, की परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याची शाई वापरत होते आणि ती खूण जेथे अंगाला लागे तेथेच त्वचा उतत होती.

या विकाराचे दोन विशेष आपण लक्षात ठेवावेत. पहिला काळाचा. चीक लागल्यानंतर लगेच काही दिसत नाही. बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे उमटतात, त्यामुळे रुग्ण आदल्या जेवणाला दोष देतो आणि परवाचा आंबा सुटून जातो. दुसरा विशेष असा, की एकदा जडलेली ही असहिष्णुता बहुधा दीर्घकाळ टिकते. म्हणून ‘पूर्वी कधी आंबा, काजू वा बिब्बा उतला होता का?’ हा प्रश्न त्या ऋतूपुरता नसून रुग्णपत्रिकेत कायमचा नोंदविण्याचा आहे.

पिकलेल्या आंब्याच्या गरात ही द्रव्ये फारशी नसतात. ती देठाजवळच्या चिकात व सालीत असतात. म्हणूनच आंबा पाण्यात घालून ठेवावा, देठाकडचा भाग दाबून चीक काढून टाकावा, मग खावा, ही आपल्या घरांतील रीत शास्त्रशुद्ध आहे. ज्याचे ओठ उततात त्याने आंबा चोखू नये. दुसऱ्याने साल काढून दिलेल्या फोडी पुष्कळांना सोसतात. सोलणारे हात व खाणारे तोंड वेगळे असावे, एवढेच. तीच गोष्ट ओल्या काजूगरांची. फाल्गुन-चैत्रात उसळीसाठी काजूगर सोलणाऱ्या स्त्रियांच्या बोटांची साले निघालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या तेलाचा अंश गरावर राहिला तर तोच ओठावर उतरतो. आधी हाताला खोबरेल चोळणे व सोलल्यावर गर नीट धुणे हा उपाय जुनाच आहे.

सारेच ओठ चिकाने उतत नाहीत

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ओठ सुजला की ‘उष्णता’ म्हणणे जितके घाईचे, तितकेच ‘ॲलर्जी’ म्हणणेही घाईचे. आमच्या अनुभवात असे रुग्ण चार गटांत पडतात व चौघांची वाट वेगळी आहे.

पहिला गट निव्वळ क्षोभाचा. सुरण व अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला व ओठांना टोचतात. अननसातील ब्रोमेलेन हे प्रथिने पचविणारे द्रव्य जीभ चरचरवते. हा त्रास लगेच होतो, पुरेसे खाल्ल्यास कोणालाही होतो, आणि त्यासाठी चिंच, आमसूल, नीट शिजवणे हे उपाय पुरतात. याच गटाशेजारी आपल्या किनाऱ्यावरचा आणखी एक प्रकार बसतो. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामीन साठते. ते शिजवूनही नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात ओठ चुणचुणतात, चेहरा लाल होतो, डोके दुखते. ही ॲलर्जी नाही, माशाची हेळसांड आहे, आणि एका पंगतीतील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे ही तिची खूण आहे.

दुसरा गट स्पर्शजन्य ॲलर्जीचा. आंब्याचा चीक, काजूचे तेल व बिब्बा यांत आले. याच गटात दालचिनी व लवंग यांची सुगंधी तेले, पुदिन्याचा अर्क आणि मधमाशांचा प्रोपोलिस येतो, हे विशेषतः औषधनिर्मात्यांनी ध्यानी घ्यावे. दंतमंजन, गुळण्यांचे औषध, ओठांना लावायचे मलम यांमुळे महिनोन्‌महिने फुटलेले ओठ व सोललेला गालाचा आतील भाग घेऊन रुग्ण फिरत असतात, आणि आपण त्यांना तेच मंजन अधिक नियमाने वापरायला सांगतो.

तिसरा गट तत्काळ होणाऱ्या ॲलर्जीचा, आणि हाच खरा भीतीचा. कोळंबी, खेकडा, मासे, शेंगदाणा, काजूगर, तीळ, अंडे, दूध यांतील प्रथिनांविरुद्ध शरीरात आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार झालेले असते. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत ओठ-जीभ सुजते, अंगावर शीतपित्तासारख्या गांधी उठतात. काजूच्या टरफलाचे तेल उतणे व काजूगराची ही ॲलर्जी या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. काहींना कच्ची फळे वा भाज्या खाल्ल्यावर केवळ ओठ-टाळूला खाज येते व शिजवलेले तेच पदार्थ सोसतात. परागकणांच्या ॲलर्जीतून उद्भवणारा हा सौम्य प्रकार आहे.

येथे एक खेडवळ उदाहरण द्यावेसे वाटते. ‘मला वांगे चालत नाही, ओठ खाजतात’ असे सांगणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ. म्हैसूर येथील संशोधकांनी सन २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे नऊ टक्के लोकांनी वांग्याने त्रास होतो असे सांगितले, पण आयजीई-जन्य खरी ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी लोकांत आढळली. बाकीच्यांच्या त्रासाचे कारण वांग्यातील इतर घटक असू शकतात. आणि आमच्या भागात तर वांग्यात सोडे घालण्याची चाल आहे! कोळंबीतील ॲलर्जी आणणारे प्रथिन शिजवून वा वाळवून नष्ट होत नाही. वांगे वर्ज्य करून सोडे चालू ठेवणारा रुग्ण पुढच्या खेपेला वालाच्या आमटीने सुजून येतो.

चौथा गट अन्नाशी संबंध नसलेला. रक्तदाबासाठी एनालॅप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांचे ओठ व जीभ कंडूविना अकस्मात सुजू शकते. औषध सुरू करून महिने-वर्षे लोटली तरीही हे घडते. अशा वेळी रुग्ण म्हणतो फणस बाधला, आणि आपण फणस बंद करतो, गोळी तशीच चालू राहते. तसेच सुपारीच्या आपल्या या पट्ट्यात ‘थोडेही तिखट सोसत नाही’ म्हणणाऱ्याचे तोंड उघडून किती उघडते ते पाहिलेच पाहिजे. गाल ताठर व पांढुरके लागले तर ती ॲलर्जी नसून सुपारीने जडणारा तंतुमय विकार असतो, व त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो.

शास्त्र काय सांगते

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे सूत्र आपल्या संहितांतील नव्हे. ते जाहिरातीतून आपल्याकडे आले आणि आपण ते आपलेच समजून बसलो. नीट योजलेले विषही उत्तम औषध होते व चुकीने योजलेले औषधही विषासमान होते, हा चरकांचा सिद्धांत आपण सर्वांनी अभ्यासला आहे. त्यात द्रव्य वनस्पतीचे आहे म्हणून सवलत दिलेली नाही.

भल्लातकाचेच पाहा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात, रसायन प्रकरणात, भल्लातकाचा प्रयोग सांगितला आहे. निर्दोष, पक्व फळे ज्येष्ठ वा आषाढात गोळा करावीत, जव किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवावीत, मार्गशीर्ष वा पौषात, म्हणजे थंडीत, प्रयोगास आरंभ करावा. त्याआधी रुग्णाचे शरीर शीत, स्निग्ध, मधुर आहाराने तयार करावे. आणि औषध घेण्यापूर्वी तोंडाच्या आतल्या भागाला तूप माखावे. बिब्बा तोंड उततो हे जाणून, ओठांपासून कंठापर्यंतचे रक्षण कसे करावे याची सूचना या ग्रंथाने औषधाच्या विधीतच घालून ठेवली आहे. फळ केव्हा तोडावे, कोणत्या महिन्यात द्यावे, कोणाला द्यावे, तोंडाला काय लावावे, इतकी खबरदारी ज्या परंपरेने घेतली, तिचे वारस म्हणवणारे आपण त्याच द्रव्याच्या गोळ्या बाराही महिने ‘घ्या, काही होत नाही’ म्हणून देतो.

विटकरीच्या चूर्णात घासून तेल शोषून घेण्याची शोधनविधी बिब्ब्याची तीक्ष्णता उणावते, यात शंका नाही. परंतु ज्याचे शरीर आधीच चिडलेले आहे त्याला अल्पांशही पुरतो. शोधन हे द्रव्याचे होते, रुग्णाच्या पूर्वेतिहासाचे होत नाही. तो विचारावाच लागतो.

सात्म्याचा विचारही येथे उपयोगी पडतो. इस्रायलमधील आंब्याच्या बागेत काम केलेल्या तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. तेथे अमेरिकेहून आलेल्यांना पुरळ उठले, त्यांच्यासोबत तोडणी करणाऱ्या स्थानिक तरुणांना उठले नाही. अमेरिकी तरुण त्यांच्या देशातील ‘पॉयझन आयव्ही’ने आधीच चिडलेले असावेत, तर स्थानिकांनी लहानपणापासून आंबा खाल्लेला असल्याने त्यांना तो सोसत असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला. चरकांचे ओकसात्म्य याहून फार निराळे नाही. लंडन येथे सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, ॲलर्जीचा धोका असलेल्या तान्ह्या मुलांना शेंगदाण्याचे पदार्थ लवकर सुरू केल्यास पुढे त्याची ॲलर्जी पुष्कळ कमी होते असे दिसले. दोन्हींतील ॲलर्जीची जात वेगळी आहे, हे खरे. तरीही सात्म्य अन्नमार्गाने हळूहळू घडते आणि चिडलेपण बहुधा त्वचेच्या वाटेने जडते, हा विचार आपल्या संशोधकांनी हाती घेण्याजोगा आहे. मात्र ‘सवयीने सोसेल’ असे सांगून ओठ उतलेल्या रुग्णाला पुन्हा चीक चाखवणे, वा कोळंबी सोसत नाही त्याला थोडी थोडी देत राहणे, हे सात्म्य नव्हे. तो अविचार होय.

औषधनिर्मात्यांशी दोन शब्द

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-एक’मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत वत्सनाभ, कुचला, धत्तूर यांच्या पंक्तीला भल्लातक बसलेले आहे. अशा द्रव्याच्या पोटात घेण्याच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना ठळकपणे छापण्याचे बंधन नियम १६१ अन्वये आहे. ती सूचना इंग्रजी व हिंदीत असावी असे नियम म्हणतो. आमचा रुग्ण दिघी, बोर्ली, आगरदांड्याचा. त्याला मराठी वाचता येते. नियम मराठी मागत नाही, पण मराठी छापण्यास मनाईही करत नाही.

आमची विनंती अशी, की भल्लातकयुक्त प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर पुढील एक ओळ मराठीत घालावी : ‘ज्यांना आंब्याचा चीक, काजूचे तेल किंवा बिब्बा उतला आहे, त्यांनी वैद्यांना तसे सांगितल्याशिवाय हे औषध घेऊ नये.’ एवढ्या ओळीने आमच्या त्या रुग्णेचा त्रास टळला असता, आणि खरे सांगायचे तर आमचीही आठवण जागी राहिली असती.

आहारवर्गातील उत्पादने करणाऱ्यांनी तर अधिक जपावे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या सन २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, अंडे, मासे, शेंगदाणा, काजू-बदामादी कवचफळे, सोयाबीन, दूध आणि ठराविक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. सन २०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ या वर्गासाठीही स्वतंत्र विनियम आहेत. तथापि तीळ, दालचिनी, प्रोपोलिस ही नावे त्या यादीत नाहीत. ज्या लाडवात तीळ आहेत, ज्या मंजनात दालचिनीचे तेल आहे, ज्या मलमात प्रोपोलिस आहे, तेथे ती नावे स्पष्ट अक्षरांत असावीत. ‘सुगंधी द्रव्ये’ किंवा ‘इतर वनौषधी’ अशा पडद्याआड ती लपू नयेत. आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी मिळून पुसून टाकावे. ते खरे नाही, आणि ते खरे नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

एक आक्षेप

आमचे काही सहकारी म्हणतात, ‘आधीच आयुर्वेदावर टीका करणारे टपून बसले आहेत, आपणच आपल्या औषधाचे दोष का सांगावेत? गिऱ्हाईक घाबरेल.’ या भीतीमागची व्यथा आम्ही जाणतो. गावातील औषधालय चालवणे सोपे राहिलेले नाही. परंतु विचार करावा. ज्या रुग्णाला आपण आधी सांगितले आणि त्रास झाला नाही, तो आपला राहतो. ज्याला ‘काही होत नाही’ म्हटले आणि ओठ सुजले, तो आपल्या औषधालयाबरोबरच आयुर्वेदालाही सोडतो. सावधगिरीची सूचना ही शास्त्राच्या सामर्थ्याची खूण आहे. ज्यात शक्तीच नाही त्यापासून जपण्याची गरज काय?

अनिष्ट परिणाम नोंदविण्याची व्यवस्थाही आता आपल्या हाताशी आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सन २००८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे आयुष मंत्रालयाच्या योजनेत नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आले. आमच्या त्या रुग्णेची नोंद आम्ही तेव्हा केली नाही. लाज वाटली, हेच खरे कारण. आज ती चूक वाटते. आपल्यासारख्या दहाजणांनी लाज बाजूला ठेवली असती, तर वरील एक ओळ वेष्टनावर यायला कोणाची विनंती लागली नसती.

जेथे थांबू नये

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती लक्षात राहावी. ओठांच्या सुजेबरोबर जीभ वा घसा सुजणे, आवाज बदलणे, श्वास लागणे, छातीत घरघर, वारंवार उलट्या, भोवळ, गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर तो रुग्ण आपल्या मात्रा-चूर्णाचा नाही. त्याला लागते ते ॲड्रिनॅलिन, आणि तेही तत्काळ. प्रौढास एक-हजारांश द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. ज्यांना त्याचे प्रशिक्षण व अनुज्ञा आहे त्यांनी ते हाताशी ठेवावे. ज्यांना नाही, त्यांनी एक मिनिटही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरावी. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असल्यास टेकून बसवावे, पण चालवत नेऊ नये. आपल्या किनाऱ्यावर खाड्यांचे वळसे आहेत, श्रीवर्धनहून अलिबाग गाठायला तास-दीड तास पुरत नाही. म्हणून कोणत्या रुग्णालयात हे औषध चोवीस तास मिळते, याची चौकशी प्रत्येकाने आजच करून ठेवावी. खंत वाटावी अशी गोष्ट ‘आणखी थोडी वाट पाहू’ या चार शब्दांतून घडते.

समारोप

सुश्रुतांनी पासष्ट मुखरोग वर्णिले, त्यांत आठ ओठांचे सांगितले, आणि त्या आठांत आगंतु कारणाने होणाऱ्या ओष्ठरोगालाही जागा दिली. बाहेरून आलेले कारण शोधा, हाच त्यातील बोध. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण रोज उच्चारतो, पण निदान विचारल्याशिवाय त्याचे परिवर्जन कसे होणार?

म्हणून प्रत्येक उतलेल्या ओठापाशी आपण चार प्रश्न विचारावेत. गेल्या तीन दिवसांत काय खाल्ले, काय सोलले व ओठांना काय लावले? खाल्ल्यापासून त्रासापर्यंत किती वेळ गेला? पूर्वी आंबा, काजू, बिब्बा उतला होता का, वा कोळंबी-शेंगदाण्याने अंगावर गांधी उठल्या होत्या का? आणि रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? या चार उत्तरांना दोन मिनिटे लागतात. ती रुग्णपत्रिकेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावीत, म्हणजे आषाढात अजीर्णाचे औषध देताना वैशाखातला आंबा आठवेल.

संघाच्या कार्यकारिणीने वेष्टनावरील त्या मराठी ओळीचा ठराव येत्या सभेत चर्चेस घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सभासदांनी आपले अनुभव, विशेषतः आपल्या चुका, या अंकाकडे जरूर पाठवाव्यात.